शनिवारी न लिहिणाऱ्या मिल्काबाई

मिल्काबाई नवगावकर शनिवारी पेनाला हात लावत नसत. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीतलं आमचं वाचनालय सोमवारी बंद, त्यामुळे शनिवारी त्या ग्रंथपालाच्या खुर्चीत हजर असत. पण रजिस्टरमध्ये नाव ज्याचं त्यानं लिहायचं. लग्न होऊन हुबळीला आल्यावर मी पहिल्यांदा तिथं गेले ती नेमकी शनिवारी. बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "लिहा. आम्ही शनवार तेली. आमच्या पूर्वजांनी कोकणात शनिवारी घाणा थांबवला, मी पेन थांबवते. तेवढाच देवाचा मान."

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू. वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागले आणि कुटुंब हुबळीचंच झालं. "नवगावकर म्हणजे कोकणस्थ का?" असं कुणी विचारलं, की त्या गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तुमच्या आधीचे." न वाचता परत आणलेलं पुस्तक त्यांना बघताक्षणी कळायचं. "काय हो, हवापालटाला नेलं होतंत का याला?"

नवरा लवकर गेला. एकुलत्या एका डॅनियलला त्यांनी याच पगारावर वाढवलं, आणि तो इस्राएलला नोकरीला लागला. शुक्रवारी सूर्य कलला की बाईंची चुळबुळ सुरू होई. सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या सब्बाथचा, म्हणजे त्या देवाच्या दिवसाचा, दिवा लावायचा, त्याआधी लेकाचा फोन. "शुक्रवारी दिवेलागणीला मला देवसुद्धा थांबवणार नाही. त्याचंच तर काम असतं," त्या म्हणत.

एका शनिवारी माझ्या सासूबाई माझ्याबरोबर वाचनालयात आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. कापडदुकानवाल्यांच्या घरातल्या, तोंडानं तिखट. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आत कपाटापाशी असताना बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे केलं. "चष्मा घरी राहिला," अक्का म्हणाल्या. बाईंनी स्वतःचा काढून दिला. "घ्या, माझा लावा. दोन शब्द तर लिहायचेत." अक्कांचा हात काही पेनाकडे जाईना. मागं उभं असलेलं कुणीतरी फिसकन हसलं. अक्का ताडकन बाहेर पडल्या.

दुपारी बाई देशपांडे नगरातल्या आमच्या दारात उभ्या. शनिवारी त्या रिक्षातही बसत नसत. भर उन्हात चालत आल्यामुळे घामाघूम झाल्या होत्या.

"मी झोपले म्हणून सांग जा त्यांना," आतून अक्कांचा आवाज.

"झोपलेलं माणूस बरं बोलतंय की!" बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "अक्का, चूक माझी. देवाचा दिवस पाळायचा आणि चारचौघांत माणसाला खाली बघायला लावायचं, हा कुठला धर्म?"

थोड्या वेळानं अक्का बाहेर आल्या. "बर्री, या, बसा," म्हणाल्या आणि ताकाचा पेला पुढे केला. मग मी कधीच ऐकलं नव्हतं ते बोलल्या.

"निपाणीच्या लेकीचे मेसेज येतात फोनवर. कधी पोरगा वाचतो, कधी ही सून. बोलावं म्हटलं तर तिच्या घरात सारखी माणसं. आईला म्हणून काही सांगायचं असलं तर तिनं कुठं सांगायचं हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मेसेज मी जेवणाच्या पानावर मोठ्यानं वाचत असे, वर नणंदेच्या लिहिण्याची नक्कलही करत असे.

"सोमवारी मला सुट्टी," बाई म्हणाल्या. "सोमवारी येते."

बाईंनी आणलेली पाटी बघून अक्का भडकल्या, तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. रवा, मीठ, तूर. "'क'ला काय घाबरता अक्का? तुमच्याच नावात दोनदा बसलाय तो." वर्षभर एक सोमवार चुकला नाही. भांडणं मात्र दर सोमवारी. "साकु बाई, पुरे आता, डोकं उठलं," अक्का म्हणत, आणि रविवारपासूनच वाट बघत.

मग एका सकाळी अक्का फोन घेऊन खिडकीशी बसल्या, बराच वेळ. उठल्या त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या निपाणीला जाते." आठ दिवस राहून आल्या. काय झालं होतं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मी न राहवून बाईंकडे विषय काढला. "विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच तर शिकल्या." त्या आठवड्यात बाईंनी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, केळी. "आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलले होते, अक्का वाचतील तेव्हा करीन," म्हणाल्या. अक्कांनी दोनदा मागून घेतला.

बाई निवृत्त झाल्यावर डॅनियल त्यांना इस्राएलला घेऊन गेला. नातवंडांना मराठी बाराखडी शिकवते, असं त्या कळवत. बाकी त्यांचं नि अक्कांचं मेसेजवर काय चाले, ते त्या दोघींनाच माहीत.

परवा सकाळी अक्कांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारून बसवलं. स्वतःचे मेसेज त्या कधी कुणाला दाखवत नाहीत. हा डॅनियलचा होता, तो त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतला. "अक्का, आई काल शांतपणे गेली. हुबळीला अक्कांना आधी कळव, म्हणाली होती..." पुढच्या शब्दावर त्या अडखळल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. यांनी हात पुढे केला. "आण आई, मी वाचतो."

"गप बस," अक्का म्हणाल्या. "हे मीच वाचणार."