उलटे आटे

गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली उकिडवा बसलेला प्लंबर दुसऱ्यांदा म्हणाला, "ताई, हा कॉक सरळ आट्याचा वाटतोय मला."

"तुम्हाला वाटून काय उपयोग?" ताई म्हणाली. "कॉक माझ्या वडिलांनी बनवलाय. त्यांच्या हातचं सगळं उलटं असतं. डावीकडे फिरवा, बंद होईल."

सकाळपासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अण्णांना जाऊन महिना झाला होता. बंद घर आवरायला ती लेकीला घेऊन आली, तर स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप फुटलेला आणि ओल पार शेजारणीच्या खोलीत गेलेली. टाकीचा कॉक बंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नव्हता. त्यात मागचं दारही हटून बसलं होतं. तिनं सवयीनं मूठ डावीकडे फिरवली, तर ढिम्म. गंजलं असेल म्हणून तिनं त्याला एक लाथ घातली आणि नाद सोडला.

आता हे उलट्याचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. अण्णा टर्नर. जन्मभर लेथवर लोखंड आणि पितळ कातत आले, आणि होते डावखुरे. कारखान्यात फोरमन त्यांना सारखा टोचायचा, "उजव्या हाताला काय मेंदी लावलीय का?" सहा वर्षं ऐकून घेतलं. सातव्या वर्षी एका दुपारी ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी आले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं लेथ मशीन बसवलं, आणि त्यानंतर त्यांनी कुणाला साहेब म्हटलं नाही. गिऱ्हाइकाचं काम सरळ आट्याचं, पण घरातलं सगळं स्वतःच्या सोयीचं. डाव्या हाताला जोर उलट्या बाजूनं लागतो, म्हणून मागच्या दाराची मूठ उलटी, न्हाणीघराची उलटी, टाकीचा कॉक उलटा. गल्लीत त्यांना उलटेअण्णाच म्हणायचे, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

ताई सात वर्षांची असताना आई गेली. आत्या म्हणाली, पोरीला मी नेते. अण्णा म्हणाले, "माझे हात मोडलेत का?" सकाळी डबा करायचे, वेणी घालायचे, तीसुद्धा उलट्या पेडाची. शाळेतल्या बाई पाठमोऱ्या पोरींच्या रांगेतून हिला वेणीवरून ओळखायच्या. मोठेपणी सासरी पहिल्याच सकाळी तिनं न्हाणीघराचा नळ बंद करायला म्हणून डावीकडे पिळला आणि त्याची मूठ हातात आली. सासूबाई बघतच राहिल्या. पुढे तिची लेकही तसलीच निघाली. सुट्टीभर आजोबांच्या शेडमध्ये कानस घासायची आणि हॉस्टेलवर बाटल्यांची झाकणं उघडायच्या नादात घट्ट करून ठेवायची.

माणूस कष्टाळू, स्वाभिमानी, सगळं खरं. पण अशा माणसाची लेक असणं म्हणजे वैताग असतो, हे कुणी बोलत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गॅसचं सिलिंडर स्वतः उचलून आणायचे. ताईच्या घरी राहायला आले की चौथ्या दिवशी पिशवी भरून दाराशी उभे. "अण्णा, कामाला बाई ठेवू या." नको. "रोज एक फोन तरी करा." कशाला? काही सांगायला जावं तर भिंतीशी बोलल्यासारखं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा त्यांनी आपलं ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

मग पाच महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात पडले. उजवं मनगट मोडलं. हाका ऐकून शेजारी धावले, पण दाराची मूठ जो येई तो सरळ फिरवी आणि आणखी घट्ट करून ठेवी. शेवटी दार फोडलं. तासभर म्हातारा ओल्या फरशीवर पडून होता. ताई आली, सुताराकडून तिथं साधी कडी बसवून घेतली, आणि मग तिचा तोल गेला. "हे घर तुमच्या एकट्याच्या हाताचं आहे. दुसऱ्या कुणाचा हात इथं चालतच नाही. उद्या मी मेले तरी तुम्ही आटा सरळ करणार नाही."

अण्णा प्लास्टरकडे बघत बसले. ती तणतणत निघून आली आणि पुढचे चार महिने फिरकली नाही. त्या काळात त्यांचे दोन फोन आले, आपणहून. दोन्ही वेळेला एकच वाक्य, "पाण्याचा कॉक येऊन बघून जा." ती म्हणाली, "तुम्हीच बघा. सगळं तुम्हीच करता ना?" तिसरा फोन शेजारणीचा आला, आणि तो वेगळाच होता.

"फिरवू मग डावीकडे?" प्लंबरनं विचारलं.

"फिरवा. जोर लावा."

त्यानं पाना लावला. कॉक हलेना. ताईनं स्वतः पान्यावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून हिसका दिला. कट्‌कन आवाज झाला, पान्याबरोबर दांड्याचा तुकडा हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर. टाकी रिकामी होईपर्यंत दोघं भिजत उभी राहिली.

प्लंबरनं तुकडा पुसून पुढे केला. "सरळच होता, ताई. उघडाच होता, आपण आणखी उघडत बसलो. काम नवीन आहे, बघा. पितळ अजून पिवळंधमक आहे."

मग ती तशीच ओलीचिंब जिना उतरली, मागच्या दारापाशी गेली आणि मूठ उजवीकडे फिरवली. दार दोन बोटांनी उघडलं.

शेडमध्ये लेथपाशी कॉकचा जुना दांडा आणि त्याचा नट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. कागदावरची तारीख भांडणानंतर दीड महिन्याची. म्हणजे प्लास्टर निघाल्या निघाल्या ते शेडमध्ये आले होते. शेजारी काम घट्ट पकडून ठेवायचा त्यांचा वाईस. त्याचा दांडा तिनं फिरवून पाहिला. तो मात्र उलटाच होता. तेवढा एक त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता.

लेक मागून आली. "काय झालं, आई?"

"ऐकलं होतं गं त्यांनी माझं," ताई म्हणाली, आणि मग तिला रडूही आलं आणि संतापही. "मग तोंडानं सांगायला काय झालं होतं या माणसाला? कॉक सरळ केलाय, एवढंच म्हणायचं होतं."

"आणि तू तरी बघायला कुठे आलीस?" लेक म्हणाली.

ताईनं जुना दांडा आणि नट उचलून गच्चीवर नेला. प्लंबरनं तो उलटसुलट करून पाहिला. "बसेल. पण हा डावा आटा आहे, ताई. पुढच्या माणसाला कळणार कसं?"

"मी सांगेन," ती म्हणाली. "बसवा."