जाते आणि येते

“आधी पानी, मंग ढेप.” हे कडूबाईचं कायमचं बोलणं. नाव विचारा, जेवलीस का विचारा, उत्तर हेच. वय तिशीचं. कळायचं सगळं, पण सावकाश. आणि बोलू गेली की शब्द तोंडाशीच एकमेकांत गुंतायचे.

दुष्काळात दिंद्रुडजवळच्या माळावर दूध संस्थेने जनावरांची छावणी उघडली, तेव्हा सचिव राधाकिशनने तिला कामावर घेतलं. बीडच्या एका शिक्षिकेने तिला टॅब मिळवून दिला होता. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलायचा. पाण्याची बादली, सरकीची ढेप, शेणाची पाटी. त्या चित्रांच्या क्रमाने कडूबाई वीस जनावरांची दावण एकटी सांभाळायची. बाईंनी दिलेली छापील यादी वाचून टॅबमध्ये आवाज भरला होता राधाकिशननेच, एका दुपारी, घाईघाईत.

“मी थकले आहे,” घोगऱ्या आवाजात टॅब म्हणायचा.

“राधाकिशन बायकांवानी बोलाया लागला बे,” माणसं हसायची. कडूबाईही हसायची. तिचं म्हणणं लोकांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग त्याच दावणीतली ताराबाईची गाय बसली. दोन दिवस उठेना. कडूबाईने दिवसभर तिच्या तोंडाशी बादली धरली. रोज ती गुपचूप घरी निघायची; त्या दिवशी गाईला सांगितल्याशिवाय तिचा पाय निघेना. तिने शोधून शोधून निरोपाचं, शेवटचं चित्र दाबलं.

“मी जाते.”

ताराबाई जागीच थिजली. आपल्याकडे निघणारं माणूस ‘येते’ म्हणतं. ‘जाते’ हा शब्द परत न येणाऱ्यासाठी राखलेला.

पहाटे गाय गेली.

छावणीतल्या बाया संस्थेच्या चेअरमन मोहनरावांसमोर उभ्या राहिल्या. “काळ्या जिभेची हाय ती,” ताराबाई म्हणाली. “आज माझी गाय, उद्या हिची म्हैस.”

“राधाकिशन, तिला घरी बसव,” मोहनराव म्हणाले. “बाया जनावरं सोडून न्यायल्यात. मला छावनी चालवायचीय.”

जीभ माझी हाय, मालक. यादीत ‘जाते’ लिहिलं होतं आन् मी तसंच वाचलं. एवढंच सांगायचं होतं. पण मोहनरावांच्या कपाळावरची आठी पाहून राधाकिशनचे शब्द घशातच गुंतले. कडूबाईचं कसं होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

“बरं,” तो म्हणाला.

कडब्याच्या गंजीमागे टॅब नेऊन त्याने तो शब्द पुन्हा आवाज भरून बदलला. मग दावणीपाशी आला.

“कडूबाई, आता घरी जा. उद्यापासून येऊ नगंस.”

“आधी पानी, मंग ढेप,” ती बादलीकडे बोट करत म्हणाली.

“दुसरं कुनी घालंल.” त्याने टॅब तिच्या हातात दिला.

तिने शेवटचं चित्र दाबलं. “मी येते.” तिचा चेहरा उजळला. एकेका जनावरापुढे थांबून तिने ते पुन्हा दाबलं, अगदी रिकाम्या खुंट्यापाशीसुद्धा, आणि माळाची वाट धरली.

हातात रिकामं दावं धरून ताराबाई पाहत होती. राधाकिशन पाहत होता. ती लांब जाईपर्यंत त्याला त्याचाच आवाज ऐकू येत होता. मी येते. मी येते.