अर्ध्या तलावाचे पूर्ण पैसे

माझ्या नोकरीत याहून मोठी प्रकरणं झाली, पण डोक्यातून गेलं नाही ते या तलावाचं. त्यातला आरोपी चोर होता की नाही, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

सत्तरच्या दशकातलं दुष्काळी वर्ष होतं. धारहून माझी देवास जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यावर नुकतीच बदली झाली होती. सरकारकडे पैसा नव्हता. आमच्या जीपचं पेट्रोल निम्मं झालं होतं आणि तपासाला आम्ही बसने जायचो. कलेक्टरांनी सगळ्या खात्यांना बजावलं होतं की मार्चअखेर जे खर्च होणार नाही ते परत जाईल, आणि पुढच्या वर्षी राहत कामांना, म्हणजे दुष्काळी मजुरीच्या कामांना, काय मिळेल ते आत्ता विचारू नका.

एप्रिलमध्ये एक ठेकेदार ठाण्यात आला.

“मैडम, तालाब आधा खुदा है, पेमेंट पूरा उठ गया. ओव्हरसियर आपके ही मराठी समाज का है, सोचा पहले आपको बता दूँ.”

“समाज का है तो छोड़ दूँ?”

“अरे नहीं नहीं, मैं तो बस...”

माझा पहिला संशय या ठेकेदारावरच गेला. राहत कामात ठेकेदार नसतो, मजुरी थेट वाटली जाते. ते बंद पडलं तर पुढे ठेक्याने काम निघेल, आणि तेच याला हवं असणार. तरी खबर ती खबर. मी हेड कॉन्स्टेबलला घेऊन कामावर गेले.

टोपल्या घेतलेल्या बायका मला बघून थांबल्या. त्यातली एक म्हातारी सरळ पुढे आली. “काम बंद करवाने आई हो, बई? कन्नौद की मंडी में ज्वार का भाव पता है?”

“पता है.”

“तो फिर सोच के लिखना.”

तलाव खोदताना मध्ये मातीचा एक खुंट न खोदता सोडतात. मूळ जमीन कुठवर होती ते त्याच्या माथ्यावरून कळतं, आणि माथ्यापासून तळापर्यंत मोजलं की खोली मिळते. पैसे त्या मापावर निघतात. आम्ही मोजलं तर माप बरोबर निघालं. माथ्यावर वाळलेलं गवतही होतं. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, “मैडम, ठेकेदार झूठा है. चलें, बस निकल जाएगी.”

पण बाकी तलाव मला तेवढा खोल वाटत नव्हता. मी खुंटाची एक बाजू कुदळीने तासायला सांगितली. माळव्यात वर काळी माती आणि खाली पिवळा मुरूम असतो. इथे वर काळी, मग मुरूम, मग परत काळी. जमीन अशी नसते. कुणीतरी खुंटावर भर घालून वर गवताची ढेकळं बसवली होती.

ओव्हरसियरला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, देवासच्या जुन्या घरातला, नीटनेटका माणूस. खुर्चीत बसताच म्हणाला, “बाईसाहेब, आपलं माहेर धारचं ना? आमच्या आत्याबाई धारलाच दिलेल्या.”

“आत्याबाईंना नमस्कार सांगा. खुंट कुणी वाढवला?”

मी चहा मागवला आणि माझं दुसरं काम करत बसले. प्रश्नांपेक्षा शांतता जास्त लवकर बोलायला लावते, असा माझा अनुभव आहे. चहा निवल्यावर तो म्हणाला, “मीच.”

“पैसे?”

“आहेत. आपल्याच शिपायांच्या पहाऱ्यात.”

तहसिलीच्या खजिन्याच्या कोठीत इतर खात्यांचे सीलबंद डबे ठेवायची पद्धत होती आणि त्या कोठीवर पहारा आमचा. त्याचं म्हणणं असं: मार्चमध्ये पैसा परत गेला असता, आणि खरी उपासमार तर वैशाख-जेठात. म्हणून पुढचं खोदकाम आधीच मोजून दाखवलं आणि पैसा काढून डब्यात ठेवला.

“कुणाला सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर कुणी करू दिलं असतं?”

पंचांसमोर डबा उघडला. रक्कम पूर्ण होती. पण तोडण्याआधी मी सील नीट पाहिलं. डब्यावर धूळ होती आणि लाख मात्र चकचकीत.

“लाख ताजी आहे.”

“मधे एकदा पैसे मोजून बघायला काढला होता.”

“कोठीच्या वहीप्रमाणे त्याला महिना होत आला.”

“उन्हाने लाख मऊ पडते, बाईसाहेब.”

“या कोठीला खिडकी नाही.”

पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, “मैडम, हम डिब्बे गिनते हैं. अंदर क्या है, वो जाने.” ठेकेदार ठाण्यात येण्याआधी गावभर बोलत फिरला होता. ते ऐकून कुणी पैसे परत आणून ठेवले असतील तर तेवढी सवड नक्कीच मिळाली होती.

हेड कॉन्स्टेबल कागद काढून बसला. “मैडम, जप्ती लिखूँ?”

जप्ती लिहिली की नोटा मुद्देमाल होतात. मग मालखाना, कोर्ट आणि तारखा. तोवर त्या बायकांनी काय खायचं? आणि जप्ती न करावी तर संशयाची बाजू लंगडी पडते. मी डबा आणि लाखेचे तुकडे जप्त केले. नोटा मोजून तहसीलदारांकडे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी पावती घेऊन सांभाळायला, दिल्या आणि मजुरी वाटायची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. परवानगी आली ती माझ्याच जबाबदारीवर, तसं लेखी. ओव्हरसियरवर गुन्हा दाखल केला. काम दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली पाऊस लागेपर्यंत चाललं. मजुरी हातात पडते की नाही हे मी स्वतः जाऊन एकेका बाईला विचारलं. नव्या माणसावर विश्वास ठेवायचं मला काही कारण नव्हतं.

कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलं, “रक्कम पूर्ण होती?”

“होती.”

“मग गेलं काय?”

अफरातफर सिद्ध झाली नाही. खोट्या मोजमापासाठी त्याची नोकरी गेली. जाताना त्याने मला नमस्कार केला. तो मानाचा होता की सुटल्याचा, तेही मी ठरवू शकले नाही.

या प्रकरणातून शिकले ते एवढंच. तंगीच्या दिवसांत सरकारी पैसा लोकांसाठी लपवणारा आणि स्वतःसाठी खाणारा सुरुवातीला अगदी सारखं वागतात. दोघंही खोटं मोजतात, कुणाला सांगत नाहीत आणि पैसा कुलपात ठेवतात. फरक पडतो तो नंतर, पैसा बाहेर निघतो तेव्हा. पोलीस त्याआधी पोचले तर पैसा वाचतो, पण माणूस कोण होता ते कधीच कळत नाही. मी आधी पोचले.