सावद्याचा ट्रक थांबेना

माझ्या हातून घडलेला घोटाळा तुम्हाला सांगावा की न सांगावा? न सांगितला, तर धुळ्याचे नाना सांगतीलच, आणि त्यांच्या तोंडी तो आणखी सजतो. तेव्हा चहा घ्या. मीच सांगून टाकतो.

वैशाली ही माझी जुनी विद्यार्थिनी. जळगावातून ती पटावरच्या खेळांचे मासिक काढत असे. अंक उघडला, की मधल्या पानावर घडी घातलेला पट, मागे कापून घ्यायच्या सोंगट्या आणि शेवटी नियम. वाचकांचा सर्वांत लाडका खेळ होता ‘घाट’. सावद्याहून केळीचा ट्रक भरायचा, सातपुडा चढायचा आणि पंक्चर, रस्ताबंदी, वाटेतच पिकणारे घड असे सारे सोसून बाजार गाठायचा. दर अंकात खेळ तोच, रस्ता नवा!

पण मासिकाचे आयुष्य ते केवढे? महिना सरला, की रद्दी. म्हणून वैशालीने ठरवले: मासिक बंद, आता पुस्तके. पहिले पुस्तक ‘घाट’चे, जुन्या अंकांतले सगळे रस्ते एकत्र.

“सर, भाषेवरून तेवढा एक हात फिरवाल?”

हात? मी नांगर फिरवला!

आयुष्यभर संस्कृत आणि मराठी शिकवल्यामुळे पुनरुक्ती दिसली, की माझा जीव कासावीस होतो. इथे तर प्रत्येक अंकाच्या शेवटी तेच वाक्य: ‘ज्याचे सर्व घड सर्वांत आधी बाजारात उतरतील, तो जिंकला आणि खेळ संपला.’ मासिकात हे क्षम्य आहे. तिथे दर महिन्याला नवा वाचक येतो. ग्रंथाने मात्र एक गोष्ट एकदाच सांगावी. मी ते वाक्य प्रत्येक प्रकरणातून काढले. पहिल्याही. कारण त्याचे योग्य स्थान प्रस्तावनेत आहे, असे माझे मत पडले.

मग मी प्रस्तावना लिहायला बसलो. क्रीडा आणि संस्कृती, द्यूत आणि विवेक, पटक्रीडेची प्राचीन परंपरा... अहो, लेखणी थांबेना! त्या भरात फक्त एक वाक्य लिहायचे राहून गेले. कोणते, ते तुम्ही ओळखलेच असेल. मला ते ओळखण्यासाठी धुळ्याला जावे लागले.

वैशालीने बिचारीने विचारलेही होते, “सर, छापण्याआधी एकदा खेळून बघू या का?”

“ग्रंथ वाचून तपासायचा असतो, वैशाली. खेळून नव्हे!”

हे बाणेदार वाक्य उच्चारणाऱ्या माणसाने तो खेळ जन्मात खेळलेला नव्हता.

पुस्तक छापून झाले. वैशाली बांधणीवाल्याकडे अडकली होती, म्हणून पहिली प्रत घेऊन धुळ्याला मी निघालो. नानांचे तिथे पुस्तकांचे दुकान. त्यांनी एखादी गोष्ट ठेवली, तरच खानदेशातले बाकीचे दुकानदार ठेवतात. आणि मासिक तर बंदच झालेले. नाना ‘नाही’ म्हणाले असते, तर वैशालीला परतीची वाट उरली नव्हती.

“सर, मासिक माणूस सहज उचलतो,” नाना म्हणाले. “पुस्तक उलटं करून किंमत बघतो आणि ठेवून देतो. तुम्ही खेळ दाखवा. रंगला तर ठेवतो. नाहीतर राम राम.”

पट मांडला. खेळायला नाना, चोपड्याहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहीण अक्का आणि दोन हौशी गिऱ्हाइके. ग्रंथ हाती घेऊन मी पंच!

खेळ असा रंगला म्हणता! नाना घाटात पंक्चर झाले, एका गिऱ्हाइकाची केळी वाटेतच पिकली, आणि अक्कांनी सर्वांच्या आधी सगळे घड उतरवून ट्रक रिकामा केला.

“उतरनात मना बठ्ठा घड! आते काय?”

मी पान उलटले. पुढे लिहिले होते: ‘बाजारातून ट्रक पुन्हा सावद्याकडे वळवावा.’

“अक्का, परत सावद्याला.”

अक्का गेल्या, माल भरून आल्या. मी पुन्हा पाठवले. मग नाना पोहोचले, त्यांनाही पाठवले. चहा आला, चहा संपला, बघे जमले. ट्रक फिरतच होते.

“सर, जिंकलं कोण?” एका गिऱ्हाइकाने विचारले.

मी पुस्तक चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. या क्षणी कोणताही शहाणा माणूस वैशालीला फोन करतो. मी काय केले? व्याख्यान!

“प्रत्येक खेळात जय-पराजय असलाच पाहिजे, हा आग्रह मुळात पाश्चात्त्य आहे. हा... हा निष्काम खेळ आहे.”

“निष्काम?” अक्का कडाडल्या. “मंग मना ट्रकमा डिझेल काय देव भरस का?”

दुकान हसून आडवे झाले. नाना हसले नाहीत. “सर, गिऱ्हाईक विचारेल, जिंकायचं कसं. त्याला काय सांगू? पुढच्या जन्मी?” असे म्हणून त्यांनीच वैशालीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“वैशाली, हा ‘घाट’ जिंकतात कसा?” मी शक्य तितक्या सहज स्वरात विचारले.

“शेवटचं वाक्य बघा ना, सर. प्रत्येक अंकात असायचं.”

“म्हणूनच तर काढलं.”

आता फोन तुटावा, अशी मला आशा वाटली.

“कुठून काढलं, सर?”

“सगळीकडून.”

तिने ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवले. कधीच्याच जिंकलेल्या अक्कांनी टेबलावर थाप मारली, “मंग मी तं कव्हयनीच जिकेल शे!” आणि लगेच नवा डाव मांडायला घेतला.

नाना बहिणीकडे बघत राहिले. “एवढी चिडली, तरी उठत नाही. म्हणजे खेळात दम आहे. पुस्तक ठेवतो मी. पण ते वाक्य छापून प्रत्येक प्रतीत चिकटवा.”

“कोरं पान तर एकही सोडलेलं नाही, नाना,” मी म्हणालो.

नानांनी पुस्तक चाळले आणि माझ्या प्रस्तावनेच्या पहिल्या पानावर बोट ठेवले. “ही जागा आहे की!”

“हो नाना, तिथेच,” फोनमधून वैशाली म्हणाली. कुठे म्हणून तिने विचारलेसुद्धा नाही!

मग काय? गोंदाची बाटली घेऊन मी तिच्या कचेरीत बसलो आणि माझी क्रीडा, माझी संस्कृती, माझा विवेक, सारे माझ्याच हातांनी झाकून टाकले.

काही दिवसांनी नानांचा फोन आला. “सर, कमाल झाली! एका गिऱ्हाइकानं तो कागद सोलून खालचं वाचलं!”

अखेर एक तरी रसिक निघाला! “काय म्हणाला हो?”

“काही नाही. परत चिकटवायला गोंद मागत होता.”