पहिल्या चावीला

रविवार, दसऱ्यानंतरचा पंधरावा दिवस. सकाळचे सव्वानऊ. ठिकाण परंडा, आमच्या घरापुढची मोकळी जागा. हजर: मी, सासूबाई, थोरले दीर, मिस्त्री आणि बॉनेट उघडी ठेवलेली गाडी. गैरहजर: नवरा, ड्युटीवर. अकराला येणार: भूमचं गिऱ्हाईक. ते मी बोलावलं नव्हतं. दादांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी बोलावलं होतं.

गाडी माझी आहे. जुनी, पेट्रोलवरची, माझ्या पगारातून घेतलेली. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. माझ्याकडच्या निम्म्या गावांना एसटी दिवसातून एकदा जाते आणि ज्या वेळेला जाते त्या वेळेला अंगणवाडी बंद असते. पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. त्याआधीची सगळी नोकरी जाताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे आणि येताना कुणाची तरी वाट बघत झाली. मला पुन्हा तिथं जायचं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली. सकाळी चार-पाच वेळा चावी फिरवल्याशिवाय सुरू होईना. सुरू झाली की जागेवर थडथडायची, आरपीएमचा काटा वरखाली व्हायचा. रस्त्याला लागली की मात्र शहाण्यासारखी चालायची. मी वही घातली. रोज तारीख, वेळ, कितव्या चावीला सुरू झाली, काय बदललं. प्लग नवे टाकले: फरक नाही. एअर फिल्टर: नाही. बॅटरीची टोकं घासली: नाही. गाडीतला पेट्रोलचा पंप बदलला: नाही. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "बारीक सूं असा आवाज. फक्त उभी असताना."

दादांनी ते मोठ्यानं वाचलं होतं आणि सासूबाईंकडं बघून म्हणाले होते, "हिला आता इंजिनाचं गाणं बी ऐकू यायलंय." गावातल्या एका गॅरेजवाल्यानं लांबूनच ऐकून इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं, त्यानं दादांना जोर चढला. "इंजिन बसलंय. ईक म्हणतो तर ऐकत न्हाय. अन् या वयात बाईमाणसाला गाडी कशाला? जीप हाय की आपली."

जीप दादांची. तिची वेळही दादांची.

गुरुवारी सहाव्या चावीला सुरू झाली तेव्हा ते ओट्यावरच उभे होते. मी म्हणाले, "दादा, रविवारी पहिल्या चावीला सुरू झाली नाही, तर तुमच्या गिऱ्हाइकाला मी स्वतः गाडीचे कागद देते. झाली, तर तुम्ही माझ्या शेजारी बसून बार्शीला यायचं. तोंडातून एक शब्द न काढता." ते आजवर माझ्या गाडीत बसलेले नाहीत. "चालतंय," म्हणाले. दिलेला शब्द मी वहीत लिहिला. दोघांचाही.

मिस्त्री कुर्डुवाडी रस्त्याचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी आधी इंजिनाला हात लावला नाही. वही मागितली, चष्मा लावला, पहिलं पान काढलं.

"ताई, हे तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लिवलंय. त्याच्या आदल्या दिवशी काय केलतं?"

"काही नाही. दसरा होता. गाडीची पूजा केली."

"कुठं केली पूजा?"

"इंजिनाची. बॉनेट उघडून."

आमच्याकडं वाहनाची पूजा पुरुष करतात. हळदकुंकू, हार, नारळ, सगळं चाकाशी आणि बाहेरून. मी यंदा म्हणाले होते, गाडी माझी, पूजा मी करणार, आणि राबतं ते इंजिन, तर पूजाही इंजिनाची. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "उदबत्ती केळ्यात खोच गं." केळं माझ्या यादीत होतं. आणायचं राहिलं होतं.

मिस्त्रींनी गाडी सुरू करायला लावली. पाचव्या चावीला झाली. थडथडत्या इंजिनावर ते साफसफाईचा स्प्रे जागोजाग थोडा थोडा मारत गेले. एका जाड रबरी पाइपाच्या टोकाशी फवारा गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. त्यांनी गाडी बंद करायला लावली, पाइपाच्या मागं बोट घातलं आणि क्लिपेच्या फटीतून एक जळकी काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

उदबत्तीची काडी. केळं नव्हतं म्हणून मीच तिथं खोचलेली.

"जळत जळत खाली गेली अन् पाइपाला भोक पाडलं. मागल्या बाजूला हाय म्हणून दिसंना. तिथनं फुकटची हवा ओढतंय इंजिन. तुमचा सूं आवाज खरा हाय ताई. इंजिनाला काय बी झालेलं न्हाय."

दादा खुर्चीतून उठून आले. काडी बघितली. मग हसत सुटले. "देवानंच सांगितलं म्हणायचं, बायकांनी गाडी पुजू नये!"

"देवानं केळं आणायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "ते मी विसरले. चूक माझी आहे, गाडीची नाही."

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

भोक टोकाजवळच होतं. मिस्त्रींनी तेवढं टोक कापून काढलं, पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली. मी चावी फिरवली. पहिल्याच चावीला सुरू. मी दादांकडं बघितलं.

"गरम हाय," दादा म्हणाले. "गरम इंजिन कुणाचं बी सुरू होतंय. थंड झाल्यावर दाव."

हे त्यांचं बरोबर होतं. वहीतली सगळी दुखणी थंड इंजिनाचीच होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी त्यांना सरळ सांगितलं, "बसा. इंजिन थंड होईपर्यंत गाडी विकायची की नाही ते ठरत नाही. जेवूनच जा." भाकरी, वांगं, शेंगाचटणी वाढली. गिऱ्हाईक दोनदा म्हणालं, "भाऊ, तुमी तर ठरलंय म्हणला होता." दादा ताकाची वाटी संपवण्यात गुंतले होते.

अडीच वाजता दादांनी स्वतः इंजिनावर तळहात ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "चावी मी फिरवणार. तुझी काय तर हातचलाखी असंल."

"फिरवा," मी म्हणाले. आवाज नेहमीचाच काढला, पण वही दोन्ही हातांनी धरली होती. दुसरी चावी लागली असती तर मी कागद दिले असते. शब्द होता.

दादांनी फिरवली. सुरू झाली. पहिल्या चावीला, आणि काटा जागच्या जागी थांबला. मी स्टीलचा पेला काठोकाठ भरून इंजिनाच्या सपाट झाकणावर ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणाले, "जावा आता घरला. ताई काय गाडी देत न्हाईत."

त्या रात्री वहीत मी खुणा केल्या. बिघाड सापडला: झालं. थंड इंजिन, पहिली चावी: झालं. पुढच्या दसऱ्याची पूजा इंजिनाचीच, मीच करणार, केळं आदल्या दिवशी आणायचं: हे लिहून ठेवलं. आखूड झालेल्या पाइपाच्या जागी नवा पाइप पुढच्या आठवड्यात बार्शीहून आला, बसला, खूण झाली.

तो पाइप आणायला दादा माझ्याबरोबर यायचे होते. त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या वेळी पाहुणे आले. त्यानंतर अमावस्या निघाली. मी दर रविवारी आंघोळीनंतर गाडी काढते, त्यांच्या दारासमोर उभी करते, शेजारचं दार उघडते आणि इंजिन चालू ठेवते. ते खिडकीचा पडदा सारखा करतात.

यादीत एवढंच उरलंय: दादांना बार्शीला नेणे.