विहिरीचं जांभळं पाणी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचीच चीड येते.

साठचं दशक संपत आलं होतं. मी भाईंदरच्या चौकीत फौजदार होतो. एका दुपारी जवळच्या राई गावचे पोलीस पाटील धापा टाकत आले. "सायब, इहिरीत ईख टाकलंय. पानी जांभलं झालंय. मानूस धरून ठेवलाय. लोक जित्ता सोडनार न्हाय त्याला."

जाऊन पाहिलं तर पाणी खरंच जांभळं. धरलेला माणूस रत्नागिरीकडचा, मिठागरावरचा मजूर. मार खाऊन ओठ फाटलेला, बोटांवर तपकिरी डाग. मी पंचनामा केला, पाण्याच्या दोन बाटल्या सीलबंद केल्या आणि त्याला आणून लॉकअपमध्ये टाकलं.

"काय टाकलंस?"

"औषध, साहेब. दवाखान्यातून आणलंय. त्या पाण्यानंच बायकोला जुलाब-उलट्या होतायत. ती घरी एकटी आहे, मला सोडा."

बायकोचं आजारपण ही आरोपींची नेहमीची सबब. मी दोन थोबाडीत दिल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. संध्याकाळपर्यंत विचारत राहिलो. त्याचं उत्तर बदललं नाही. दवाखान्यात शिपाई पाठवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

तोवर बाटल्यांतला जांभळा रंग गेला होता. पाणी तपकिरी, तळाशी गाळ. शिपायाबरोबर आरोग्य निरीक्षक आले. बाटली उजेडात धरून म्हणाले, "हे पोटॅशियम परमँगनेट. पुडी मीच दिली त्याला. बोटांवरचे डागही त्याचेच. पाण्यात घाण असली की याचा रंग उडतो आणि असा गाळ बसतो. पाणी चांगलं असतं तर रंग इतक्या लवकर गेला नसता. फौजदारसाहेब, रोग विहिरीत आधीपासूनच होता."

त्याला घेऊन मी स्वतः मिठागरावर गेलो. झोपडीत बायको थंड पडली होती. शेजारची बाई दारातूनच म्हणाली, "पानी पानी करत व्हती. पन इखवाल्याची बायको, कोन जवल जानार?"

तो रडला नाही. तिच्या अंगावर गोधडी ओढली आणि मला म्हणाला, "साहेब, ते औषध एकदा टाकून भागत नाही. परत टाकायला सांगा गावाला."

त्याला मारणाऱ्यांविरुद्ध एकही साक्षीदार मिळाला नाही. गावात दंगा होऊ दिला नाही म्हणून वरिष्ठांनी मला मात्र शाबासकी दिली. ती मी गुपचूप घेतली.

पुढे हाताखालच्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो. आरोपी घरचं आजारपण सांगत असेल, तर आधी त्याच्या घरी शिपाई पाठवा. खोटं निघालं तर एक फेरी वाया जाईल, एवढंच. मी ती फेरी वाचवली होती.