पोचल्याची रिंग

वारज्यात कांबळे काकांच्या वरच्या खोलीत मी राहायला गेले, त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला नळाची वेळ सांगितली नाही की फाटक किती वाजता बंद होतं तेही सांगितलं नाही. त्यांची अट एकच होती. "ऑफिसात पोचलात की आमच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा. आम्ही उचलणार नाही. उचलला तर तुमचे पैसे जातील आणि आमचा वेळ."

मी यवतमाळची, हडपसरच्या एका आयटी कंपनीत नुकतीच लागलेली, आणि कुणी काही करायला सांगितलं की आधी 'काऊन?' विचारणारी. म्हटलं, "काका, मी काही लहान नाही." ते शांतपणे म्हणाले, "लहान असतात त्यांना आई पोचवते, इंगळेबाई. तुम्हाला स्कूटी पोचवणार. म्हणून विचारतो."

चोविशीतल्या मुलीला 'बाई' म्हणणारा हा माणूस चक्रम आहे असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम रिंग दिली नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच रिसेप्शनवरची मुलगी हसत आली. "तुझ्या घरमालकांचा फोन आहे. विचारतायत, इंगळेबाई पोचल्या का?" पुढचे कित्येक दिवस ऑफिसात माझं तेच नाव पडलं. तिसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने रिंग द्यायला लागले.

काकांची सगळी नोकरी खडकवासल्याच्या धरणावर गेली होती. नदीत पाणी सोडायच्या आधी खालच्या वस्त्यांना फोन करणं हे त्यांच्याकडचं काम. समोरून 'कळलं' असं उत्तर आल्याशिवाय ते फोन ठेवत नसत. "निरोप गेला म्हणजे काही झालं नाही. पोचला म्हणजे झालं," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. निवृत्तीनंतर वस्त्या उरल्या नाहीत, म्हणून आम्ही उरलो. कोपऱ्यावरचा दूधवाला गावी गेला तरी काकांना रिंग द्यायचा.

माणूस भित्रा होता, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. गॅसचं बटण काकूंनी बंद केलं की ते पुन्हा जाऊन बघत. नदीला पाणी असलं की पुलावरून रिक्षात डोळे मिटून बसत. काकू म्हणायच्या, "अहो, रिक्षावाला उघडे ठेवून बसलाय ना, पुरे." असा हा माणूस रोज संध्याकाळी चहा झाला की कॉम्प्युटरसमोर बसून जगभरची जहाजं बघत असे, याचं मला भारी नवल वाटायचं.

कॉम्प्युटर त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी होता. पडद्यावर निळा नकाशा आणि त्यावर रंगीत ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बोट. जुन्या बोटींचं वेड असलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता, काका त्यात होते. तुर्कस्तानातले एक निवृत्त शिक्षक, सुएझच्या काठी राहणारे दातांचे डॉक्टर, असे पाचसहा देशांतले म्हातारे. काका त्यांना सरकारी इंग्रजीत पत्रं लिहीत आणि शेवटी 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव' याचं इंग्रजी न चुकता टाकत. मी एकदा विचारलं, "काका, पाण्याची एवढी भीती आणि छंद बोटींचा?" ते म्हणाले, "मी बोटी बघत नाही हो. त्या बुडत नाहीत ना, तेवढं बघतो."

या सगळ्याच्या मुळाशी हेमलता होती. कोकण किनाऱ्यावर चालणारी जुनी आगबोट. काकांच्या दाभोळकडच्या गावाला तेव्हा धक्का नव्हता, बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. काका चारपाच वर्षांचे असताना होडीतल्या एकाने त्यांना उचलून वर धरलं आणि बोटीच्या दारातून दुसऱ्याने हात पुढे केले. "एकाने सोडलं होतं आणि दुसऱ्याने अजून धरलं नव्हतं," काका सांगायचे. "खाली काळं पाणी. तेवढाच वेळ तो. पण मी अजून तिथंच आहे, इंगळेबाई." सांगताना त्यांची बोटं खुर्चीचा हात घट्ट धरत.

पुढे हेमलता परदेशात विकली गेली, कुठल्या कुठल्या बेटांमध्ये फिरली आणि गंजून पडली. मग मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ती घेतली, तुर्कस्तानात तिची दुरुस्ती करवली, जुनं नाव पुन्हा रंगवलं आणि पर्यटकांच्या सहलींसाठी ती घरी आणायचं ठरवलं. गटातल्या म्हाताऱ्यांना लग्नघर असल्यासारखं झालं. इंजिनावर माणसं हवी आहेत हे काकांना तिथंच कळलं, आणि त्यांनी आपल्या भाच्याचं, संदीपचं नाव कळवलं. संदीप खाडीतल्या फेरीबोटीवर मेकॅनिक होता. काकांची बहीण, आक्का, विधवा. तिचा हा एकुलता एक. ती फोनवर म्हणाली, "दादा, तू सांगतोस म्हणून धाडतेय हां मी त्याला."

बोट निघाली आणि आमच्या घराला दुसरा विषय उरला नाही. मीही ऑफिसातून आले की आधी विचारायची, "कुठवर आली?" सुएझला डॉक्टरांनी गच्चीतून फोटो काढून पाठवले. पांढरीशुभ्र हेमलता, कडेला लालचुटूक पट्टा, आणि डेकवर हात हलवणारा एक ठिपका, तो म्हणे संदीप. काका इतके खूश की त्यांनी ते सगळं गटाच्या पानावर टाकलं. फोटो, तिचा वेग, कठडा पाण्यापासून किती उंच, पुढचा मार्ग, कुठल्या दिवशी कुठे असेल याचा अंदाज. जगातल्या कुणालाही वाचता येईल असं. सुएझहून संदीपचा फोन आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "एडनचं आखात ओलांडलंस की कप्तानाच्या सॅटेलाइट फोनवरून रिंग दे. दोनच. बाकी काही बोलू नकोस."

मग एका सकाळी पेपरात बातमी आली. त्याच आखातात सोमालियाच्या चाच्यांनी एक मालवाहू बोट पळवली होती. हळू चालणाऱ्या आणि कठडा बुटका असलेल्या बोटी ते हेरतात, असं खाली लिहिलं होतं. काकांनी पेपर दोनदा वाचला. मग हाक मारून मला वरून खाली बोलावलं आणि म्हणाले, "इंगळेबाई, हे चाचे इंटरनेट बघतात का हो?"

मला पटकन खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "कुणीही बघू शकतं, काका."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे पत्ता मीच दिला." त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. आम्ही दोघांनी बसून पानावरचं सगळं काढून टाकलं. काकांनी सगळ्या म्हाताऱ्यांना लिहिलं की हेमलता मुंबईला पोचेपर्यंत कुणी तिच्याबद्दल अवाक्षर लिहू नये. सगळे गप्प झाले. "गेलं ना पुसून?" काकांनी विचारलं. पुसलं होतं, पण ज्याने आधी वाचलं त्याने वाचलं, हे मला सांगावं लागलं. त्याच संध्याकाळी नकाशावरून हेमलताचा ठिपका नाहीसा झाला. तिथे कप्तान ठिपक्याचं यंत्र मुद्दामच बंद करतात, हे काका मला आधी शिकवत असत. आता मी ते त्यांना सांगत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून घरात भीती राहायला आली. मला सकाळची रिंग द्यायला बंदी झाली, कारण फोन वाजला की काका दचकून उभे राहायचे. जेवायला बसायचे आणि भात चिवडून उठायचे. आक्का रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "दादा, पोरगा कुठं हाय माझा?" काका म्हणायचे, "येतोय." मला समुद्राचं काही माहीत नव्हतं, पण त्या दिवसांत ऑफिसातून आले की मीही आधी नकाशा बघायची. रिकाम्या निळ्या नकाशाची इतकी धास्ती वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

एका रविवारी सकाळी काकू कोथिंबीर आणायला म्हणून खाली गेल्या. मी काकांसमोर बसून उगाच काहीबाही बोलत होते. फोन वाजला. काका उठले, रिसीव्हरवर हात ठेवला, पण उचलला नाही. दोन रिंगा झाल्या आणि फोन थांबला. त्यांच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे. ते तसेच उभे राहिले. एवढ्यात काकू कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. "काय झालं? कुणाचा होता?"

"संदीप," काका म्हणाले. "सुटला त्यातून."

त्यांनी लगेच आक्काला फोन लावला. तिचं रडणं मला समोरच्या खुर्चीत ऐकू आलं. काकूंनी शिरा केला, काकांनी तो दोनदा मागून खाल्ला. मीही पोटभर खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी निर्धास्त झोपले. पण पुढे एक दिवस काका काकूंना सांगताना मी ऐकलं, "आज पेपर टाकलाच नाही त्याने." पेपर मला जिन्याखाली, रद्दीच्या तळाशी घडी करून खुपसलेला दिसला. आखातात आणखी एक बोट पळवली होती, नाव अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, या माणसाची भीती काही जायची नाही, संदीप सुटला तरी आता दुसऱ्यांची.

त्यानंतर एका दुपारी मीटिंगमध्ये माझा मोबाइल वाजला. दोन रिंगा, आणि बंद. नंबर काकांच्या घरचा. त्यांनी मला रिंग देण्याची ती पहिलीच वेळ. मी सगळ्यांसमोर तोंड झाकून रडले आणि मॅनेजरला वाटलं, घरी कुणी गेलं. मी म्हटलं, "नाही हो, कुणीतरी पोचलं."

संदीप मुंबईहून एसटीने थेट वारज्याला आला. काळवंडलेला, दाढी वाढलेला. एक होडी अर्धा दिवस त्यांच्या मागे होती, कठड्याला काटेरी तार बांधून सगळे इंजिनाच्या खोलीत दडून बसले होते, हे त्याने खाली बघत सांगितलं. मग म्हणाला, "मामा, चुकलं माझं. कप्तानाने फोन कुलपात ठेवला होता, मला काय रिंग..."

"दिलीस की," काका मध्येच म्हणाले. "आम्हाला मिळाली. जेव आता."

संदीप बघतच राहिला. काकू भाजी वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी गच्चीवर मी काकांना गाठलं. "मग ती रिंग कुणाची होती?"

"कोपऱ्यावरच्या लाल डब्याच्या फोनची." ते कठड्यापासून दोन हात लांब उभे राहून बोलत होते. "ती कोथिंबीर आणायला गेली आणि फोन वाजला. अहो, घरात कोथिंबीर होती. सकाळी मीच निवडली होती."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"दुसऱ्या रिंगेला."

"आणि तरी आक्कांना सांगितलंत?"

"सगळ्यांनी घाबरून काय करायचं होतं, इंगळेबाई? एक माणूस पुरे होता. मला सवय आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला बोलू नका. बिचारीने एवढा जिना उतरून दिली."

मी त्या माणसाला इतके दिवस भित्रा म्हणत होते. भित्रे ते होतेच, पण सगळ्यांच्या वाटणीची भीती एकट्याने घेऊन ते शिरा मागून खात होते. हेमलता बघायला ते मुंबईला कधी गेले नाहीत. "आली ना? झालं," म्हणाले.

काही वर्षांनी काका गेले. मी तोवर हडपसरला राहायला गेले होते. भेटायला गेले तेव्हा काकू मला आत घेऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुणाला बोलले नाही, तुला सांगते. संदीपची ती रिंग मी दिली होती. बघवत नव्हतं ग त्यांच्याकडे." त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "शेवटपर्यंत कळलं नाही ग त्यांना."

"नाही कळलं, काकू," मी म्हटलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "पोचलीस की रिंग दे."

घरी पोचल्यावर दिली. दोन वाजू दिल्या आणि ठेवला. काकूंनी उचलला नाही.